आठच्या आत मिस्ड कॉल

सामाजिक कामाच्या रिपोर्टात ‘अडचणी’ नावाचा एक रकाना असतो. जेमतेम दोन ओळींचा. ‘लोकांचा प्रतिसाद कमी’ लिहिलं की भरला! पण त्या रकान्यात न बसणाऱ्या गोष्टी कुठं ठेवायच्या? त्या माझ्याकडे साचत जातात. घरी सांगितल्या तर बायको म्हणते, “जेवा आधी.” म्हणून तुम्हाला सांगतो.

शाळेतून रिटायर झालो आणि चिखलीतल्या एका छोट्या संस्थेत ‘मेंटॉर’ झालो. पोरापोरींनी गावातला एखादा प्रश्न हाती घ्यायचा, संस्थेनं त्यांना बसायला खोली, एक फोन आणि वर्षभराचा आधार द्यायचा. म्हाताऱ्यानं मधूनमधून “असं नाही, तसं करा” म्हणायचं. लोणारच्या पोरांनी प्लॅस्टिक गोळा केलं, डोणगावच्या पोरींनी वाचनालय काढलं. सगळं सरळ झालं. वाकडं निघालं ते आमच्या फिरदौसचं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं विज्ञान शिकवलंय!

*

फिरदौस कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या गल्लीत एक म्हातारी एकटी राहायची. ती घरात मरून पडली आणि तीन दिवस कुणाला पत्ता नाही. फिरदौस रोज त्याच दारावरून कॉलेजला जात होती. ते तिच्या मनातून काही केल्या जाईना.

संस्थेच्या समितीसमोर उभी राहून तिनं आयडिया सांगितली. “एकट्या राह्यणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं रोज सकाळी आठच्या आत आम्हाले एक मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला, रजिस्टरात टिक. नाही आला, तं आमचा माणूस घरी जाऊन दार वाजवणार.”

मी खोचकपणे विचारलं, “आणि दार उघडलंच नाही तर?”

“त्याच्यासाठीच तं जायचं हाय, सर!”

प्रोजेक्ट पास झाला.

*

पहिल्याच महिन्यात एकदा ताराबाईंचा कॉल आला नाही. दार वाजवायचं काम नीलेशचं. उंच, धडधाकट पोरगा, कुस्ती खेळतो. गेला, कडी वाजवली. आतून आवाज आला, “आली, आली रे बाबा!”

हा बिचारा दहा मिनिटं उभा. पुन्हा वाजवली. “आली, आली रे बाबा!”

मग शेजारीण बाहेर आली. “काऊन वाजवून राह्यला बे? ताराबाई तं कालच पोरीकडे मेहकरले गेली.” नीलेशनं तेव्हा कुठं खाली पाहिलं. कडीला बाहेरून कुलूप!

मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज चिरकला होता. मी म्हटलं, “अरे येड्या, पोपट असेल घरात!”

ताराबाई परतल्यावर मुद्दाम विचारायला गेलो. त्या खूश झाल्या. “तुमाले कोणी सांगतलं सर? होता ना पोपट, लय ग्वाड बोले. मागच्या उन्हायात मेला.”

*

हमीद चाचा म्हणजे जुने टेलर. माझ्या लग्नातली पँट त्यांनीच शिवलेली. त्यांचे रोज दोन मिस्ड कॉल यायचे. फिरदौसनं विचारलं, “चाचा, एक बस्स हाय. दोन काऊन देता?”

चाचा म्हणाले, “एक माहा, एक बेगमचा. तिचंबी नाव लिव्हा ना.”

बेगम जाऊन आठ वर्षं झाली होती. पण म्हाताऱ्याचं मन कोण मोडणार? फिरदौसनं रजिस्टरात दुसरी ओळ घातली. रोज दोन टिक.

एका सकाळी एकच कॉल आला. मी म्हटलं, “आला ना कॉल? म्हणजे चाचा ठीक आहेत.” पण नीलेश पक्का नियमाचा. “एक टिक कमी हाय, सर.” निघाला सायकलवर. त्याच्या मागोमाग मी.

चाचांनी स्वतःच दार उघडलं. ठणठणीत! आम्हाला पाहून ओशाळले. “माफ करजो बेटा, आज डोळाच लागला. माहा कॉल राहून गेला.”

“पण एक तं आला ना, चाचा!”

“तो तिचा.”

येताना नीलेश सायकल हातात धरून चालत होता. मीही त्याला सायकलवर बस म्हणालो नाही.

*

आता खरी गोष्ट. वर्ष संपत आलं. प्रोजेक्ट पुढं चालवायचा की गुंडाळायचा, हे समिती ठरवणार होती. फॉर्मात रकाना होता: ‘वाचवलेल्या व्यक्ती’. आमच्याकडे शून्य. समितीचे एक साहेब मला स्पष्टच म्हणाले, “सर, वर्षभर दारं वाजवली. सापडलं कोण?” फिरदौसनं हे ऐकलं. तिचा चेहरा पडला, मला फार वाईट वाटलं.

त्या दिवसांत एक कॉल यायचा. पावणेआठला, सगळ्यांच्या शेवटी. नंबर आमच्या यादीत नव्हता. एक रिंग व्हायची अन् बंद. उलट फोन लावला की रिंग जायची, उचलायचं कुणी नाही.

मी म्हटलं, “राँग नंबर आहे. सोड.”

“नाही सर. कोणीतरी सांगून राह्यलं का मी हाय म्हणून.” तिनं रजिस्टरात ओळ घातली: ‘नाव माहीत नाही’. अन् रोज टिक करू लागली. असा प्रकार दोन महिने चालला.

एका मंगळवारी तो कॉल आला नाही.

फिरदौस आठपर्यंत फोनकडे बघत बसली. मग नंबर लावला. फोनमधली बाई म्हणाली, ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही.’

“सर, जा लागते.”

“कुठं जातेस? ना नाव, ना पत्ता! सोड म्हटलं ना!” त्या दिवशी मी तिला अडवलं. ते मला आजही खुपतं.

बुधवारीही कॉल नाही. अकराला समितीची मीटिंग, आणि फिरदौसचा पत्ता नाही! फोन केला तर धापा टाकत बोलली, “सर, मी अन् नीलेश एकेक गल्ली घेऊन राह्यलो. इथी कोणी एकटं राह्यते का, एवढंच इचारतो.”

“अगं, मीटिंग!”

“मीटिंग उद्या व्हईल, सर.”

दुपारी दोनला कापसाच्या एका बंद जिनिंग मिलच्या मागं, पत्र्याच्या खोलीशी दोघं पोचले. कडी आतून. हाका मारल्या, उत्तर नाही. नीलेशनं खांदा लावला. खाट आणि भिंतीच्या मधे एक म्हातारा पडलेला. खुबा मोडलेला, ओठ पांढरेफटक. पण श्वास चालू होता!

बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागला नसता. गुरुवारी मी स्वतःच्या हातानं रकान्यात ‘एक’ लिहिलं. समितीनं प्रोजेक्ट चालू ठेवला. साहेबांनी पेढे मागवले.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं फिरदौस आणि मी म्हाताऱ्याला भेटायला गेलो. नीलेश तिथंच होता, चमच्यानं चहा पाजत होता. म्हाताऱ्याचं नाव किसनबाबा. मंगळवारी पहाटे उठायला गेले आणि पडले. आवाज खोल गेलेला, पण बोलणं स्वच्छ. फिरदौसचा हात त्यांनी सोडलाच नाही.

तिनं दुसऱ्या हातानं पिशवीतून रजिस्टर काढलं. “बाबा, आता तुमचं नाव लिव्हतो. नंबर तुमचाच ना हा?” तिनं वाचून दाखवला.

किसनबाबा हसले. “कायचा नंबर, माय? मले फोन कुठी हाय?”

मी नीलेशकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. त्यांच्या खोलीत फोन काय, लाइटसुद्धा नव्हती.

तेवढ्यात प्रोजेक्टचा फोन वाजला. एकच रिंग. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ.

“उचल ना!” मी ओरडलोच.

“बंद झाला, सर.”

फिरदौसनं किसनबाबांच्या हातातून आपला हात हळूच सोडवला, पेन काढला आणि ‘नाव माहीत नाही’ पुढं टिक केली.