काळ्या माशाचा स्वच्छ फोटो

शी! जावयाच्या शोभेच्या माशांच्या दुकानात कामासाठी पाऊल टाकलं त्या दिवशी हलूनकांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हाच. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की "हलू नका!" असं इतक्या जोरात ओरडायचे की अख्खी गल्ली त्यांचं खरं नाव विसरून गेली. टापटीप तर अशी की रुमालाला घडी नसेल तर घामसुद्धा पुसायचे नाहीत. आणि आता नाकासमोर काय? काचेच्या साठ टाक्या, कुबट वास, चिकचिकीत फरशी आणि काउंटरवर, जावयाच्या चहाच्या कपाला खेटून, वितळत पडलेली लाल अळ्यांची वडी.

"बाबा, हे माशांचं खाणं," जावई म्हणाला, वडीचा तुकडा मोडून टाकीत टाकला आणि त्याच बोटांनी त्याने बिस्कीट उचललं. त्या दिवशी हलूनकांनी दुकानातला चहा नको म्हटला, तो कायमचाच.

मग आलेच कशाला, असं कोणी विचारेल. अहो, न येऊन करतात काय! लोक मोबाइलवर फोटो काढायला लागले, स्टुडिओ बसला, बायको गेली आणि हलूनका लेकीकडे राहायला आले. लेक कधी चकार शब्द बोलली नाही. जावयाने तर सकाळच्या पेपराचा पहिला मान सासऱ्याला दिला. त्याचंच तर त्यांना मेलं ओझं झालं होतं. लेकीच्या घरात फुकट बसलेला बाप, एवढीच आपली ओळख उरली, हे त्यांच्या मनात दिवसभर टोचत राहायचं. त्यामुळे जावई जेव्हा म्हणाला, "बाबा, लोक आता घरबसल्या फोटो बघून मासे निवडतात, तुम्ही फोटो काढाल का?", तेव्हा त्यांनी पटकन हो म्हटलं. अट एकच घातली, प्रत्येक फोटोखाली आपलं पूर्ण नाव हवं.

पहिला आठवडा निव्वळ फजिती झाली. फ्लॅश मारला की काचेवर पांढरा गोळा, आणि त्याच्या मधोमध आ वासलेलं हलूनकांचं स्वतःचं तोंड. मासा तर स्टुलावर बसणारं गिऱ्हाईक नव्हे. "हलू नका!" म्हणून त्यांनी सवयीने दम दिला, तर त्या नालायकाने शेपूट फिरवली. एकदा सगळं जुळून आलं, उजेड जुळला, मासा आडवा आला, पंख पसरले, आणि बटण दाबताना बेट्याने मागून वीतभर विष्ठेची दोरी सोडली. फोटोत तीच सगळ्यात स्पष्ट आली. "काय घाणेरडी जात आहे!" म्हणत हलूनका मोरीवर जाऊन तीनदा हात धुऊन आले.

पण माणूस हट्टी. शिकले. नाक मुरडत, शिव्या घालत, पण शिकले. काच बाहेरून पुसून भागत नाही, आतूनही पुसावी लागते. म्हणजे कोपरापर्यंत हात त्या पाण्यात. बोटांना शेवाळ लागायचं, गोगलगायीच्या अंड्यांचा बुळबुळीत थर लागायचा आणि अंगावर सरसरून काटा यायचा. दुकानातले दिवे घालवायचे, फ्लॅश टाकीच्या वर धरायचा म्हणजे काचेवर चमकत नाही. लेन्स काचेला सरळ टेकवायची, जरा तिरकी झाली की मासा धुरकट. अंगावर काळं कापड घ्यायचं. पाण्यात एक सुटी काच उभी सोडून माशाला पुढच्या चिंचोळ्या पट्टीत अडवायचं. महिन्याभराने एका फोटोत खवला न् खवला मोजता येईल असा मासा उतरला. हलूनकांना इतका आनंद झाला की स्वतःचाच राग आला.

मग आला काळा एंजल. तळहाताएवढा, डांबरासारखा काळा, दुकानातला सगळ्यात देखणा मासा. काळा रंग उजेड गिळतो, म्हणून हलूनकांनी फ्लॅश वाढवला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तीन फोटो असे आले की बघत राहावं. फक्त जिकडेतिकडे पांढरे कण. टाकीतला गाळ उजेडात चमकला होता. हलूनका कॉम्प्युटरवर बसले आणि एकेक कण पुसायला लागले. यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. किती नवऱ्या मुलींच्या पुटकुळ्या, किती म्हाताऱ्यांचे डाग त्यांनी आयुष्यभर असे पुसले होते!

पाणी स्वच्छ झालं. माशाच्या अंगावर सात कण राहिले. तिथे त्यांचा हात जरा थबकला. पाण्यातले कण तिन्ही फोटोंत वेगवेगळ्या जागी होते. हे सात मात्र तिन्ही फोटोंत तिथल्या तिथे, पाच पाठीवर, दोन शेपटीवर. म्हणजे गाळ नव्हे, कातडीवरच काहीतरी होतं. "असेल पुटकुळी. हिच्यासाठी फोटो वाया घालवू की काय?" असं पुटपुटत त्यांनी सातही पुसून टाकले.

"वा बाबा! तोड नाही!" जावई ओरडलाच. घरी जेवताना त्याने तो फोटो बायकोला दाखवला. लेक बापाकडे अशी कौतुकाने बघत राहिली की हलूनकांनी कित्येक महिन्यांनी संकोच न करता भात मागून घेतला.

मासा दोन दिवसांत विकला गेला. पलीकडच्या रस्त्यावर ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी नेला. एकट्या बाई, शिलाई मशीनशेजारी टाकी ठेवलेली, त्यात सहा वर्षं वाढवलेले अकरा मासे. हा बारावा.

तेराव्या दिवशी सकाळी बाई दुकानात आल्या आणि त्यांनी काउंटरवर एक डबा ठेवून झाकण उघडलं. बाराही मासे मेलेले. फुगलेले, डोळे पांढरे पडलेले, अंगभर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके, आणि वास असा की जावयानेसुद्धा नाकावर हात धरला.

"तुमचा मासा आला आणि दोन आठवड्यांत माझी टाकी रिकामी झाली," बाई म्हणाल्या.

"नाही हो बाई, मासा ठणठणीत होता," जावई म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा, त्याला खरंच तसं वाटत होतं. "पाणी बदलताना काही चुकलं असेल तुमच्याकडून. हा बघा त्याचा फोटो." त्याने कॉम्प्युटरचा पडदा बाईंकडे फिरवला. काळाभोर, चकचकीत मासा, अंगावर तीळभर डाग नाही. खाली हलूनकांचं पूर्ण नाव.

बाईंनी फोटो नीट पाहिला. त्यांचा आवाज एकदम उतरला. "गेल्या सोमवारी बदललं होतं मी पाणी. घाईत होते. कपडे द्यायचे होते ना." मग त्या डब्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच हातनं मेले का हो?"

हलूनका मागच्या टाकीपाशी काळं कापड पांघरून उभे होते. डब्यातल्या घाणीने त्यांना काही झालं नाही. ओकारी आली ती त्या पडद्यावरच्या स्वच्छ माशाची. शी! काय केलं हे आपण! मूळ फोटो फक्त त्यांच्या कॅमेऱ्यात होता. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. दाखवला तर नाव गेलं, जावयाचं दुकान बदनाम झालं, आणि रात्री लेकीच्या ताटासमोर बसायचं कुठल्या तोंडाने? तिकडे बाई डब्याला झाकण लावत होत्या.

"बाई, थांबा."

त्यांनी कापड टाकलं, कॅमेरा आणला आणि मूळ फोटो काढून मोठा करून काउंटरवर ठेवला. पाठीवर पाच. शेपटीवर दोन.

जावयाचा चेहरा पडला. "हे पांढऱ्या ठिपक्यांचं दुखणं आहे," तो हळूच म्हणाला. "एकाला झालं की सगळी टाकी जाते." मग सासऱ्याकडे बघून घाईघाईने म्हणाला, "पण बाबांना काय माहीत? त्यांना वाटलं असेल पाण्यातला गाळ आहे. हो ना बाबा?"

बाईंनीही मान हलवली. भल्या होत्या बिचाऱ्या. "नवीन आहात हो तुम्ही माशांत. नसेल लक्षात आलं."

दोघंही त्यांच्याकडे बघत होते. नुसतं हो म्हणायचं होतं.

"आलं होतं," हलूनका म्हणाले. "अंगावरच आहेत हेही कळलं होतं. फोटो बिघडत होता, म्हणून पुसले."