पाचवं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे दाखलेकाका म्हणत. एकतीस वर्षं काम एकच: इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या, अडनिडा शब्द दिसला की त्याचं वाक्य, पुस्तक, टिपल्याची तारीख आणि पान कार्डावर उतरवायचं. डोळ्यांची वाट लागली, पण पानाचा आकडा कधी चुकला नाही, आणि हे ते चहाच्या वेळी दर आठवड्याला ऐकवत.

आता नवी आवृत्ती बारीक करायची होती. पाच दाखले नसलेला शब्द बाद. यादी आज पाचला बंद होणार होती, आणि काकांचा लाडका ‘लॅम्बेंट’ चारवर अडकला होता. लॅम्बेंट म्हणजे एखाद्या वस्तूवर हलकेच खेळणारा, तिला न भाजणारा उजेड. लेखकमंडळी हे विशेषण ज्योतीला लावतात, डोळ्यांना लावतात, कोणाला न बोचणाऱ्या विनोदालाही लावतात. एवढं सगळं एका शब्दात मावतं याचं काकांना कोण कौतुक! साहेबांना ते नव्हतं.

पाचवं कार्ड होतं. फक्त त्यावर पान नव्हतं, आणि पुस्तक वाचनालयाने कधीच रद्दीत काढलं होतं. सकाळपासून अकरा ठिकाणी फोन करून झाले. कुठेच प्रत नव्हती.

घरी विसरलेला चष्मा द्यायला मुलगी आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“बाबा, घाला की एखादं पान. कोण बघायला जातंय?”

“कोणी नाही.”

काकांनी पेन उघडलं. दोनशे बारा लिहावं, असं मनात आलंही. हात चालेना. तत्त्वबित्त्व काही नव्हतं, नुसता हातच चालेना.

“हे लिहीत होतो आणि दवाखान्यातून फोन आला,” ते म्हणाले. “पान तेवढं राहिलं. तसाच उठलो.”

मुलीने कार्डावरची तारीख पाहिली. आई गेली तो दिवस.

“नंतर बघून लिहायचंत ना.”

“ते पुस्तक परत उघडवलंच नाही गं.”

तिने चष्मा पुसून त्यांच्यापुढे ठेवला.

पाच वाजता साहेबांनी कार्डं मोजली.

“चारच?”

पाचवं काकांच्या खिशात होतं. आपला शब्द आपल्याच डोळ्यांदेखत चाललाय आणि आपल्याला काही म्हणजे काही करता येत नाही, या विचाराने त्यांना भडभडून आलं.

“चारच,” ते म्हणाले.

साहेबांनी रेघ मारली आणि पुढचा शब्द विचारला. काकांनी तो सांगितला. त्याचे दाखले सात होते, सगळे पानांसकट.