कांबळे मॅडमचा शनिवारचा तास

मी आज वकील म्हणून उभा आहे, तो कांबळे मॅडममुळे. गेल्या महिन्यात त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या आवारात होतो. हातातलं काम कसंबसं उरकलं आणि बाकावर बसून राहिलो...

गडहिंग्लजजवळच्या खेड्यातून मी कोल्हापूरच्या लॉ कॉलेजात आलो तेव्हा आमच्या घरात कुणीच पदवीपर्यंत पोचलेलं नव्हतं. छापलंय ते खरं, एवढंच मला ठाऊक. मॅडम आम्हाला दिवाणी कायदा शिकवायच्या. वर्गात खोटा खटला चालवायच्या सरावात मी गाइडमधला एक निकाल ठणकावून सांगितला. तो अजून टिकून आहे का, असं त्यांनी विचारलं.

"छापलाय की मॅडम," मी म्हणालो. वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत.

"छापलेला निकालबी मरतोय बाबा. वरच्या कोर्टानं हा कधीच फिरवलाय. आता तुझ्या अशिलानं काय करायचं?"

त्यानंतर दर शनिवारी त्या आम्हाला लायब्ररीत घेऊन बसायच्या. एकेक निकाल मुळातून वाचायला आणि नंतरच्या निकालांत त्याचं काय झालं ते शोधायला लावायच्या. कुणी नुसता वरचा सारांश वाचून बोलू लागलं की म्हणायच्या, "पावणं, जेवलाय का नुसता वास घेतलाय?" पुढं गडमुडशिंगीच्या एका बाईच्या वाटणीच्या दाव्यात समोरच्यांनी दाखवलेला निकाल रद्द झालाय, हे मी दाखवू शकलो. तिचं शेत राहिलं, ते त्या शनिवारांमुळे.

मॅडम निवृत्त झाल्या आणि कॉलेजनं तो तास बंद केला. त्याला मार्क नव्हते, आणि आता सगळं मोबाइलवर मिळतं, असं कारण दिलं. कुठल्याच कोर्टानं न दिलेले निकाल मोबाइलवरचं एआय रचून सांगतं आणि पोरं ते अर्जात लिहितात, हे त्या भेटेल त्याला तळमळून सांगत. दोनदा कॉलेजात जाऊन आल्या. चहा मिळाला, तास मिळाला नाही. तो पुन्हा सुरू झालेला त्यांना बघायचा होता, बाकी काही नको होतं.

त्या आजारी आहेत हे मला कळलंच नव्हतं. त्या गेल्या त्याच आठवड्यात मी त्यांना पत्र टाकलं होतं. ते त्यांच्या हाती पडलं का, हे त्यांच्या मुलीला विचारायचा धीर अजून होत नाही... पत्र एवढंच होतं:

"आदरणीय मॅडम, सविनय जय भीम. कॉलेज ऐकत नाही, म्हणून पुढच्या शनिवारपासून तास माझ्या ऑफिसात सुरू करतोय. पाच पोरं तयार आहेत. त्यातली दोघं तुमचं नाव ऐकूनच घाबरलीत. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. गुडघ्यांमुळं जिना जमणार नसेल, तर आम्हीच सगळे तुमच्या घरी येतो. फक्त कळवा."