तोंडानं द्यायचं औषध

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, राग अन्ननलिकेच्या कॅन्सरवर कमी आणि सलाईनवर जास्त होता. दुष्काळानं वैजापूरकडचा माळ करपलेला, मेंढरं चाऱ्यामागं रोज पुढच्या गावाला, आणि यांना मात्र दर तीन आठवड्यांनी औरंगाबादला येऊन दिवसभर खाटेवर पडून राहायचं. "तोंडानं द्या म्हणावं काय ते," मला म्हणायचे. "खिशात टाकीन अन् जाईन मेंढरामागं."

मी त्याच शहरात औषधनिर्माण कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेमकं तेच करत होते. हळदीतला पिवळा घटक काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारतो, पण गिळला तर पोटातून तसाच निघून जातो, रक्तात फारसा उतरतच नाही. म्हणून तो पॉलिमरच्या, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या कवचात बंद करायचा. हे सांगायची मला भारी हौस. मी आबांनाही सांगून बसले. आजही वाटतं, जीभ आवरायला हवी होती.

त्यांना एका दमात कळलं. औषधाचा कडू पाला मेंढरू थुंकून टाकतं, म्हणून आबा तो वाटून कणकेच्या गोळ्यात भरत. गोळा जिभेच्या मागं ठेवायचा, तोंड मिटून धरायचं आणि घसा वरून खाली चोळायचा. घोट उतरल्याचं बोटांना कळेपर्यंत सोडायचं नाही. "तुझं कवच म्हंजी आमची कणिक," ते म्हणाले. मला हेच समजायला वर्ष लागलं होतं.

एकदा तपासणीनंतर ते प्रयोगशाळा बघायला आले. कॉलेजच्या मागं प्लॉटिंगचे दगड रोवलेले दिसले, तिथं बराच वेळ थांबले. एके काळी त्यांची मेंढरं तिथं बसायची. आता तिथं चारमजली इमारती आहेत, आणि जाता-येता मी अजून त्यांचं लाल मुंडासं शोधते.

आत आल्यावर मी त्या औषधाची कुपी उजेडात धरली. पिवळसर, दुधाळ पाणी. आबांनी मान जराशी वर केली आणि तोंड उघडलं.

"आबा, हे माणसाला देत नाहीत अजून. आधी उंदरांवर बघायचं, मग कितीतरी वर्षं..."

"उंदराला देता अन् मला नाय?"

मी हसले. ते हसले नाहीत. तोंड मिटलं आणि म्हणाले, "बरं बाई. तयार झालं की सांग."

पुढचा पावसाळाही कोरडा गेला. त्यांची अन्ननलिका आवळत गेली. आधी भाकरी सुटली, मग दूध, मग पाणी. कुपी आजही उजेडात धरते तेव्हा वाटतं, समोर ते मान वर करून उभे असावेत, आणि या वेळी मी हसू नये. फार वाटतं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी चमचाभर पाणी घेऊन त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी डोळे उघडले.

"झालं का तयार?"

"व्हय, आबा."

त्यांनी तोंड उघडलं. मी पाणी जिभेवर सोडलं, तोंड हलकेच मिटलं आणि घसा वरून खाली चोळू लागले. घोट उतरल्याचं बोटांना कळलं नाही. मी सोडलं नाही.