डब्यांवरचं वार्निश

शेजारी दाराला वार्निश लावतायत. त्या वासानं डोंबिवलीच्या जुन्या घरातला एक रविवार आठवला.

ह्यांनी स्वतः बनवलेल्या आगगाडीच्या छोट्या डब्यांना वार्निशचा शेवटचा हात दिलेला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात प्रदर्शन होतं. वाळेपर्यंत पंखा लावायचा नाही, असा हुकूम. दुपारी घामानं वैतागून मी तो लावलाच, आणि ओल्या डब्यांवर धूळ बसली.

“अगं, काय केलंस हे!”

“मग मी उकडून मरू का, तुमच्या डब्यांपायी?”

वार्निश सुकल्यावर दोघंही धुसफुसत, बारीक पॉलिश पेपरनं डबे घासत बसलो. चकाकी गेली, पण डबे खऱ्या गाडीसारखे दिसायला लागले.

प्रदर्शनात कुणी फिनिशिंगचं विचारलं की हे सांगायचे, “हिनं पंखा लावला ना!” मी तिथंही चिडले. ते कौतुक होतं, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.