छातीवरचं डुक्कर

दोन हजार चोवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि मी दोहात मुलाकडं राहत होतो. मुलगा गॅसच्या प्लँटवर इंजिनियर, घर अल अझीझियात. सप्टेंबर आला तरी सकाळी बाहेर पडलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं व्हायचं. म्हणून मी जवळच्या मॉलमध्ये फेऱ्या मारायचो. दुकानं उघडलेली नसायची. माझ्यासारखे पाच-पन्नास लोक बूट घालून चालत असायचे. मी चपलेवर. मुलानं मोजे-बूट आणून दिले होते, ते खोक्यातच होते.

त्या मॉलच्या मधोमध बर्फाचं मैदान आहे. बाहेर वाळवंट आणि आत बर्फ. लोक लोखंडी पात्यांचे बूट घालून त्यावर घसरतात. मैदानाच्या काचेशी रोज एक म्हातारा उभा दिसायचा. गोरा, माझ्याहून वीतभर उंच, नाक दोन ठिकाणी मोडून बसवलेलं. एके दिवशी मी शेजारी थांबलो, तर बर्फाकडं बोट करून तो म्हणाला, "ये बर्फ नहीं. कुल्फी है."

गोऱ्याच्या तोंडून हिंदी! मी त्याचं गाव विचारलं.

तो रशियाचा. तरुणपणी त्याच्या पोलाद कारखान्यानं त्याला आपल्याकडच्या पोलाद कारखान्यात तीन वर्षं पाठवलं होतं. तिथं तो क्रेनवाल्यांकडून हिंदी शिकला. शिव्या सगळ्या बरोबर यायच्या, व्याकरण एकही नाही. माझीही हिंदी तसलीच, त्यामुळं आमचं लगेच जमलं. तोही मुलाच्या व्हिसावर आलेला, मीही. मी चौथी शिकलो, पण साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलाय. आग काय असते ते मला माहीत आणि त्यालाही.

"मैं बर्फ का हॉकी खेला. तुम क्या खेला?" त्यानं विचारलं.

"कबड्डी."

"मालूम! क्रेनवाला खेलता. बिना काठी का हॉकी."

"नहीं," मी म्हटलं, "तुम्हारा हॉकी काठी टेककर चलनेवाला कबड्डी."

तो एवढ्यानं हसला की झाडणारा नेपाळी मागं वळून बघायला लागला. त्या दिवसापासून आम्ही फेऱ्या बरोबरच मारायला लागलो.

मला त्या वेळी गावाकडचा एक घोर होता. गावात कबड्डीचा संघ मी काढला होता. ग्रामदैवताच्या नावाचा. मैदान आम्ही खांद्यावर माती वाहून केलं. पंचवीस वर्षं तालुक्यात आमच्यापुढं कुणाचं चाललं नाही. मग कारखान्याचे चेअरमन म्हणाले, खर्च आम्ही करतो, संघाला आमच्या वडिलांचं नाव द्या. मी म्हणालो, तुमच्या वडिलांनी एक तरी चढाई केली होती का? आणि संघ बंद केला. तो निर्णय बरोबर होता. मी आजही तेच म्हणतो.

आता माझा पुतण्या तो संघ पुन्हा उभा करत होता. पोरं तयार होती, जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव घालायचं होतं. खर्च करणारा एकच मिळाला, पेंडीचा व्यापारी. त्याची अट अशी की शर्टावर पुढं त्याच्या पेंडीचं नाव आणि म्हशीचं चित्र. पोरं म्हणाली, तात्या हो म्हटल्याशिवाय शर्ट शिवायचा नाही. पुतण्या रोज फोन करायचा.

"तात्या, शुक्रवारी नाव द्यायची शेवटची तारीख हाय. हो म्हणा की!"

"देवाच्या संघाच्या छातीवर म्हैस?"

"देव काय म्हशीवर रुसतोय व्हय?"

"देव नाही रुसत. मी रुसतो."

महिनाभर हेच चाललं होतं. बुधवारी मी रशियाच्या म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, खांद्यावर थाप मारेल, म्हणेल मर्दा. त्यानं दोन पावलं टाकली आणि विचारलं, "तुम बंद किया. फिर लड़का किधर गया?"

मी म्हणालो, गेले कुठं कुठं. दोघं शेजारच्या गावाकडनं खेळले. एक मुंबईला. बाकीचे खेळलेच नाहीत.

"हूं," तो म्हणाला. मग मला बाकावर बसवून त्यानं त्याच्या क्लबाची गोष्ट सांगितली.

युरल डोंगरापलीकडं त्याचं गाव. मोठी लढाई संपली तेव्हा गावात पोलादाचा कारखाना होता, दुसरं काही नव्हतं. कामगारांनी कारखान्यामागच्या अंगणात फळ्यांचं कुंपण केलं आणि आगीच्या बंबाचं पाणी आत सोडलं. बाकीचं काम थंडीनं केलं. काठ्या सुतारखात्यात झाल्या, बुटांची पाती लोहारखात्यात. गुडघ्याला बांधायला जुन्या कोटातला कापूस. क्लबाला नाव कारखान्याचंच दिलं. हा त्याच सुमाराला जन्मला. "मैं और क्लब एक उमर," असं तो छाती फुगवून सांगायचा. मोठा झाल्यावर बचावाला उभा राहिला. नाक दोनदा मोडलं ते तिथंच. प्रेक्षक उभ्यानं बघायचे, पायात लोकरीचे जाड बूट घालून. भट्टीवाल्यांच्या बायका सगळ्यांत पुढं आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या. रेफ्रीला शिव्या द्यायला त्यांचाच मान.

पुढं वरनं कोण साहेब आला आणि त्यानं क्लबाचं नाव बदललं. असलं भारी नाव ठेवलं की खेळाडूंनाच उच्चारता येईना. सामन्याला लाउडस्पीकरवर नवं नाव पुकारलं की बायका जुनं नाव ओरडायच्या. साहेबानं ताकीद दिली. बायका अजून जोरात ओरडल्या. साहेबाची बदली झाली, बायका तिथंच राहिल्या.

मग त्यांचा देशच मोडला. कारखान्याचं धुराडं थंड झालं. तोवर बंदिस्त मैदान झालेलं होतं, त्याचं छत गळायला लागलं. चांगले खेळाडू परदेशी गेले. हा तेव्हा पोरांचा कोच. बसला डिझेल नसायचं, म्हणून शेजारच्या गावी आगगाडीनं काठ्या खांद्यावर घेऊन जायचे. बर्फावर पाणी मारायला माणूस राहिला नाही, तर कोच आणि पोरं मिळून मारायची. क्लब बंदच पडायचा. तेवढ्यात एक सॉसेज, म्हणजे मांसाच्या नळ्या, विकणारा पुढं आला. म्हणाला, खर्च मी करतो. क्लबाला नाव माझ्या दुकानाचं आणि शर्टावर माझं चित्र.

"उसका फोटो?" मी विचारलं.

"नहीं. डुक्कर." हा शब्द मीच त्याला शिकवलेला. "डुक्कर. हँसता हुआ."

"छाती पे?"

"छाती पे."

मी बाकावरनं उठलो. "मैं होता तो शर्ट जला देता!"

"मैं पहना," तो शांतपणे म्हणाला. "दो साल पहना. दूसरा गाँव का आदमी हमको देखके ऐसा आवाज करता, घुर्र घुर्र. हम गोल मारा. और हमारा औरत लोग क्या चिल्लाया? पहला नाम. कारखाना का नाम." त्यानं माझ्या शर्टाची बाही धरली. "शर्ट डुक्कर का. मुँह हमारा. लड़का खेला."

आता त्या क्लबाला तेल कंपनी सांभाळते. नवं मैदान आहे, मोठ्या लीगमध्ये खेळतात, चौथं नाव आहे. आणि सामना सुरू झाला की गाव अजून पहिलंच नाव ओरडतं.

मी बाही सोडवून घेतली. मला पटकन मान्य करायची सवय नाही.

त्यानं उठून नेपाळ्याशी काहीतरी कुजबुज केली. मैदान अजून उघडलं नव्हतं, पण नेपाळ्यानं काचेचं दार उघडून दिलं. म्हाताऱ्यानं पिशवीतनं आपले पात्यांचे बूट काढले आणि बर्फावर गेला. एवढा मोठा देह, जमिनीवर पाय ओढत चालणारा, तिथं घारीसारखा फिरायला लागला. एक फेरी मारून दाराशी थांबला. "आओ. दादा, आओ."

मी चपला काढल्या.

आमच्याकडं खेळाच्या मैदानात कुणी पायताण घालून जात नाही. मग ती माती असो नाहीतर बर्फ. मी अनवाणी आत पाय टाकला, वाकून बर्फाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. बर्फ असा चावला की पायात विस्तव आहे की काय असं वाटलं. नेपाळी ओरडला, "अंकल, चप्पल, चप्पल!" पण रशियाचा म्हातारा हसला नाही. त्यानं टोपी काढली. मग रिकाम्या मॉलमध्ये तोंड वर करून त्याच्या क्लबाचं पहिलं नाव ओरडला. घुमट घुमला. मी तरी मागं कशाला राहू? मीही आमच्या देवाचं नाव घेऊन "चांगभलं!" अशी आरोळी ठोकली. त्याला अर्थ काय कळणार, पण दुसऱ्यांदा तोही माझ्याबरोबर ओरडला.

सिक्युरिटीवाला पळत आला. "खलास, बाबा, खलास! यल्ला, बाहर!"

आम्ही ऐटीत बाहेर आलो. पाय मला दुपारपर्यंत जाणवले नाहीत. संध्याकाळी मुलगा कडाडला, "तात्या, तुम्हाला शुगर आहे! पायाला काही झालं असतं म्हणजे?"

"साखर कारखान्यात जन्म गेला माझा," मी म्हणालो. "साखरेची भीती मला घालू नकोस."

तो सुनेकडं तोंड फिरवून हसला. मी बघितलं ते.

त्या रात्री माझं ठरलं. चेअरमनला नाही म्हटलं ते बरोबरच होतं. त्याला संघाचं नावच पाहिजे होतं, आमचं तोंडच पाहिजे होतं. पेंडवाल्याला नुसती छाती पाहिजे. छाती देता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी गावाकडं फोन लावला. पुतण्या डेअरीवर दुधाच्या रांगेत होता.

"तात्या? एवढ्या सकाळी? बरं हाय न्हवं?"

"बरं आहे. ऐक. प्रत्येक सामन्याला पोरं अनवाणी आत जातील, मैदानाला हात लावतील आणि देवाच्या नावानं आरोळी देतील. लाउडस्पीकरवर पेंडीची जाहिरात पुकारू देत, आपल्या तोंडात देवाचंच. कबूल?"

"कबूल! म्हंजी तात्या, शर्ट..."

"आधी आरोळी दे. आत्ता."

"हितं? दुधाच्या रांगंत?"

"तिथंच. लाज वाटत असेल तर संघ काढू नकोस."

त्यानं कॅन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पुतण्यानं देवाचं नाव घेतलं, आणि मागनं अख्ख्या रांगेनं "चांगभलं!" म्हटलं. बाया, म्हातारे, सगळे.

"आलं ऐकू," मी म्हणालो. "काढ म्हैस. हसणारी काढ म्हणावं."

मग मुलानं दिलेलं खोकं उघडलं, मोजे-बूट घातले, आणि मॉलकडं निघालो.