पेटीचा लाल दिवा

ही गोष्ट पूर्ण सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. अर्धी मात्र अनेकदा सांगितली आहे, लग्नाच्या पंगतीत, चिखलीच्या स्टँडवर एसटीची वाट पाहताना, आणि दरवेळी हशा मिळाला की तिथेच थांबलो. उरलेली अर्धी आता लिहून टाकतो.

जानेफळच्या शाळेत मी आणि माझा मित्र, आम्ही दोघं मास्तर होतो. निवृत्त झालो, चिखलीत शेजारी शेजारी घरं बांधली आणि आम्हाला तंबूचं वेड लागलं. माझी जुनी गाडी काढायची, एखाद्या धरणाच्या काठावर तंबू ठोकायचा, दोन दिवस राहायचं. घरात पलंग असताना ही माणसं ढेकळांवर झोपायला जातात, याचं दोन्ही घरच्या बायकांना नवल वाटायचं.

मग माझ्या मित्राला इन्सुलिन सुरू झालं. ते थंड ठेवावं लागतं, तापलं की निकामी होतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा त्याने थर्मासात बर्फ घालून पाहिला. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि बाटली त्यात पोहत होती. वहिनींनी त्याचं जाणं बंद केलं. म्हणून गाडीवर चालणारी थंड पेटी घ्यायचं ठरलं. पेटी चांगली निघाली तरच त्याला परवानगी मिळणार होती.

निवड माझ्याकडे आली, कारण मोबाइल मला चालवता येतो असा समज होता. आठवडाभर मी पेट्यांचे व्हिडिओ पाहिले. स्वयंपाकघरात शिट्टी झाली तरी मला पेटीच दिसायची. शेवटी चहाच्या हॉटेलात टेबलावर मोबाइल ठेवून मी त्याला समजावलं, की पेट्या दोन जातीच्या असतात. एक जड. तिच्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर, बाहेर कितीही ऊन असो, आत थंडच. दुसरी हलकी, फक्त पंख्याची. ती बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश थंड करते, म्हणून सामान घरूनच गार करून भरावं लागतं. पण हलकीला एक बटण होतं. एका बाजूला दाबलं की हिरवा दिवा, आत थंड. दुसऱ्या बाजूला दाबलं की लाल दिवा, आत गरम. त्या बटणाने मला वेड लावलं.

"गरम कायले पाहिजे बे?" तो म्हणाला. "मले तर थंड पाहिजे."

मी त्याला मागासलेला म्हटलं आणि हलकी मागवली. पंगतीत मी इथवरच सांगतो. पुढे फक्त पेटी आल्यावर त्याने आत हात घालून "हे तर पोस्टाच्या पेटीवानी हाय" म्हटलं तेवढं जोडतो.

पहिला मुक्काम एप्रिलच्या सुरुवातीला. नवा गहू घरात आला होता, म्हणून रोडग्यांचा बेत. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. गरम असेतो त्याला तोड नाही, गार झाला की दगड. आमचा तिसरा सोबती दुसरबीडहून उशिरा येणार होता. आलेल्या माणसाला गार रोडगा वाढायचा म्हणजे त्याला येऊ नको म्हटल्यासारखं. जेवणं झाली, माझा मित्र लिंबाखाली घोरायला लागला आणि माझी नजर त्या बटणावर गेली.

पाण्याच्या बाटल्या बाहेर काढल्या. रोडगे फडक्यात गुंडाळून आत ठेवले. लाल दिवा लावला. झाकणाच्या आतल्या कप्प्यात त्याच्या औषधाचा छोटा स्टीलचा डबा होता, तो माझ्या डोक्यातच आला नाही.

दुसरबीडकर दुपार कलताना आला. वाफाळते रोडगे पाहून त्याने माझे हात धरले. मी पेटीचे गुण सांगत सुटलो. मग बाटल्या परत ठेवताना हाताला तो डबा लागला. चटका बसला. मी बटण फिरवलं, हिरवा दिवा लागला, आणि मनाशी म्हटलं, होईल थंड. झालाही. संध्याकाळी माझ्या मित्राने त्याच बाटलीतून सुई भरून टोचून घेतली, सकाळी परत. मी बघत होतो.

दुसऱ्या दुपारी त्याची जीभ कोरडी पडली, पाणी पुरेना, मग उलटी. आम्ही तंबू तसाच टाकून त्याला चिखलीला आणलं. दवाखान्यात साखर पाहून डॉक्टर चमकले. काय खाल्लं, त्यांनी विचारलं. वहिनी मध्येच म्हणाल्या, रोडग्यांवर सुटले असतील, दुसरं काय.

"दोनच खाल्ले मी," तो म्हणाला. कुणी मान हलवली नाही.

डॉक्टरांनी औषध थंड होतं का विचारलं. त्याने पडल्या पडल्या माझ्याकडे बोट केलं.

"मास्तरनं पेटी निवडली साहेब. त्याच्यात काही चूक नाही निघायची."

मी दवाखान्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो.

तो बरा झाला, पण त्याचं तंबूत जाणं कायमचं बंद झालं. वहिनींनी गल्लीत सांगितलं, यांचा तोंडावर ताबा नाही. लोक त्याला जेवायला बसवून वर चिडवायचे, गुरुजी, मोजून खा. तो हसायचा. हळूहळू पंगतीला जाणंच त्याने सोडलं.

एकदा मी सगळं सांगायचं ठरवून, पेटी हातात घेऊन त्याच्याकडे गेलो. तो ओट्यावर होता. पेटी पाहून त्याचा चेहरा उजळला.

"काऊन बे, चाललो काय आपण?" त्याने हळूच विचारलं आणि घरात नजर टाकली.

वहिनी बाहेर आल्या. मी म्हणालो, ताक न्यायला आलो. त्यांनी पेटीभर ताक दिलं. मी घरी येऊन ते प्यालो.

मागच्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. वहिनी अजूनही रोडगे केले की त्याच्या तोंडाची गोष्ट सांगतात. हे लिहून झालं की पहिल्यांदा त्यांना वाचून दाखवणार आहे. आणि मित्रा, त्या दिवशी ओट्यावर तुला म्हणायला जे घेऊन आलो होतो, ते एवढंच होतं: तू दोनच खाल्ले होतेस. लाल दिवा मी लावला होता. मला माफ कर.